क्लचचा पक्ष

काठी, फाल्गुन.

अक्कलकुव्याहून सातपुड्याचा घाट चढून, जेथे एकेकाळच्या मेहवासी संस्थानाची राजवाडी होळी पहाटे पेटते त्या या गावी येणाऱ्या जीपचालकांच्या डाव्या हाताकडे पाहत असता, क्रीडामोटारींच्या शौकिनांत चाललेल्या त्या जुन्या तकरारीचे, म्हणजे गियर मनुष्याने बदलावा की यंत्राने, या वादाचे मला स्मरण होते. वेगाचा फैसला केव्हाच झाला आहे: दोन क्लचांच्या स्वयंचलित गियरपेटीत पुढचा गियर अगोदरच सिद्ध असल्याने कोणताही हात तिची बरोबरी करू शकत नाही, आणि म्हणूनच पोर्शने २०१३ साली आपली ‘९११ जीटी३’ केवळ स्वयंचलित पेटीसह आणली. परंतु २०१६ मध्ये त्याच कारखान्याने हातगियरची ‘९११ आर’ काढली, नग अवघे ९९१, आणि पुढील वर्षी जीटी३लाही क्लचचे पेडल परत मिळाले. हिशेबाच्या कसोटीवर हे वर्तन असमर्थनीय. मला मात्र अगदी स्वाभाविक वाटते.

कारण वळणापलीकडचा उतार दिसण्यापूर्वीच, भरलेल्या गाडीच्या वजनाचा अदमास घेऊन दुसरा गियर टाकणारा आणि ब्रेक तापू न देता इंजिनाच्याच अवरोधाने उतरणारा चालक जो विचार आधी करतो, तो यंत्रास बहुधा वेग नि भार यांची मोजमापे हाती आल्यावरच सुचतो. (स्वयंचलितातही खालचा गियर धरून ठेवता येतो, हे प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य, पण तसे करणारा पुन्हा आमच्याच पक्षात येतो की!) शहराच्या रहदारीत, २०१४ साली सेलेरिओ या छोट्या मोटारीने सामान्यांच्या आवाक्यात आणलेली स्वयंचलित पेटी मीही विनातक्रार पत्करीन, या घाटात नव्हे.