फोटोला शेजार हवा

आंबिवलीला उतरून मोहन्याकडे चालायला लागलं की कॅमेरा आपोआप एनआरसीकडे वळतो. रेयॉन बनवणारी ही कंपनी 2009 साली बंद पडली. तिच्यावर पोसलेलं गाव मात्र अजून नांदतं आहे. इथले फोटो पोर्टफोलिओत लावायला बसले, की कोणता घ्यावा यापेक्षा कशानंतर काय ठेवावं, हेच जास्त छळतं.

तारखेप्रमाणे लावणं सोपं. पण मग गेट, कुलूप, गंज, भिंतीतून उगवलेला पिंपळ अशी उतरंड तयार होते आणि पाहणारा चौथ्या-पाचव्या फोटोलाच हळहळून मोकळा होतो. पुढचं त्याला दिसतच नाही.

म्हणून मी साध्या, छोट्या प्रिंट काढते आणि फरशीवर मांडते. स्क्रीनवर फोटो एकटा असतो, फरशीवर त्याला शेजार मिळतो. उल्हास नदीचा एक फोटो आहे. पाणी दिसूच नये इतकी जलपर्णी आणि तिच्यावर फिकट जांभळी फुलं. एकटा पाहिला तर कॅलेंडरवर शोभेल. त्याच्या आधी महापालिकेच्या मोहने उदंचन केंद्राचा फोटो ठेवला आणि तीच फुलं डोळ्यांत खुपायला लागली. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना इथूनच पाणी उचललं जातं! मग दोन्हींची अदलाबदल केली. आता आधी फुलं, मागून पंप. लगेच वाटायला लागलं, चला, कुणीतरी काळजी घेतंय. फोटो तेच होते, अर्थ पार उलटला. तेव्हापासून मी क्रमाला सजावट मानत नाही. ते विधान असतं आणि त्याची जबाबदारी फोटो काढणाऱ्याचीच.

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी 27 हजारांहून जास्त फ्रेममधून फक्त 83 फोटो निवडून ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक केलं. ते 1958 मध्ये पॅरिसला निघालं. त्यात कापडाने झाकलेली एक मोटार येते आणि तिच्या पुढचाच फोटो अपघातात गेलेल्यांचा, रस्त्याकडेला घोंगडीखाली झाकलेल्या देहांचा. गावं वेगळी, प्रसंग वेगळे. पण दुसरा पाहिल्यावर पहिल्यातली मोटार पुन्हा साधी दिसत नाही. ही जोडी मी कितीदा तरी पाहिली आहे आणि दर वेळी पान मागे उलटलं आहे.

खूप आवडता फोटो गाळावा लागतो, हे ओघानं आलंच. शेजाऱ्याला गिळणारा फोटो कितीही देखणा असला तरी बाहेर.

आणि शेवट? एनआरसीच्या कामगारांनी थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला आहे. अशा गावाची मालिका पडक्या भिंतीवर संपवणं मला मान्य नाही. मोहन्यात कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की भिंती, गंज, कुलपं खुशाल दाखवा, पण ती मधे ठेवा. शेवटची जागा इथल्या माणसांना द्या.