अफझलगंजातील माडीवरची खोली

नाताळची धामधूम आटोपून धर्मग्रामाच्या कामांतून चार दिवसांची सवड मिळाली, तेव्हा हैदराबादला थोरल्या बंधूंकडे जाऊन यावे असे आम्ही ठरविले. त्यांचा निरोप पूर्वीच आला होता : "घर उकलले आहे. मार्चअखेर नोकरी संपते. एकदा येऊन जा, बोलावयाचे आहे." दादांचे बोलणे जुन्या काळच्या तारेसारखे; प्रत्येक शब्दाला पैसे पडत असावेत असे मोजके. परंतु 'बोलावयाचे आहे' हे शब्द त्यांनी आजवर आम्हांस कधी धाडले नव्हते. म्हणून मन थोडे अस्वस्थ होते.

जालन्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. मनमाडहून हैदराबादेस जाणारा हा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. त्या काळी आपला मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता. कोर्टकचेरी, शिक्षण, औषधपाणी, साऱ्यांसाठी मराठवाड्याच्या माणसाने हैदराबादचीच वाट धरावयाची. आमचे आजोबाही याच मार्गाने पोट भरावयास गेले आणि तेथेच राहिले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. नकाशावरील रेघ एका दिवसात सरकते. माणसे तशी सरकत नाहीत. आमचे घराणे दोहींकडे वाटले गेले. भाऊबंद जालन्याकडे, आणि आजोबांचा वंशविस्तार हैदराबादेत. आम्ही धर्मगुरू होऊन महाराष्ट्रात आलो. दादा आईसह तिकडेच राहिले.

पहाटे काचीगुडा स्थानकावर उतरलो. रिक्षा कोठीकडे निघाली तसतशा बालपणीच्या खुणा एकेक करून पुढे येऊ लागल्या. जवळच १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही मराठी शाळा. केशवराव कोरटकरांसारख्यांनी परमुलखात मराठी मुलांसाठी उभी केलेली ही संस्था. दादा तेथेच शिकले. पुढे गौळीगुड्याच्या गर्दीतून वाट काढीत आम्ही अफझलगंजात शिरलो.

पाचवे निजाम अफझलउद्दौला यांनी १८५७ ते १८६९ या काळात राज्य केले. मुसी नदीच्या उत्तर तीरावरील ही व्यापारी वस्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 'गंज' म्हणजे बाजार, आणि बाजारच येथला धर्म. पलीकडे उस्मानगंज, बेगमबाजार, सिद्दीअंबर बाजार. एका वळणावर मिरचीचा खाट नाकात शिरतो, दुसऱ्या वळणावर लोखंडी सामानाचा खणखणाट कानांवर येतो. हातगाड्या, हमाल, रिक्षा यांच्या या गदारोळातच राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य वास्तू उभी आहे. १८९१ साली आसफिया ग्रंथालय म्हणून आरंभ झालेल्या या ज्ञानभांडारात आमचे वडील रविवारची मिस्सा झाल्यावर आम्हांस बोट धरून नेत असत.

तथापि अफझलगंजाचे खरे हृदय म्हणजे उस्मानिया रुग्णालय. त्याची कथा नदीच्या कथेशी बांधलेली आहे. पूर्वी येथे अफझलगंज रुग्णालय होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. पूल वाहून गेले, मोहल्ले नाहीसे झाले, ते रुग्णालयही उद्ध्वस्त झाले. सुमारे १५,००० माणसे त्या पुरात दगावली असे मानतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी पुरात गेली. ते एकटे वाचले. रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० जणांनी जीव वाचविला असे सांगतात. ते झाड आजही उभे आहे. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर ही धरणे पुरी झाली. व्हिन्सेंट एश या वास्तुकाराने आराखडा केलेली रुग्णालयाची घुमटांची नवी इमारत १९२५ च्या सुमारास उभी राहिली.

ती इमारतही आता थकली आहे. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी वॉर्डांत शिरले आणि जुना भाग रिकामा करून बंद करावा लागला. पाडावी की डागडुजी करून राखावी, हा वाद अनेक वर्षे चालला. शेवटी गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी ३१ जानेवारी २०२५ रोजी झाली. रिक्षातून ते मळकट घुमट पाहताना आमच्या मनात आले, जुन्या घराचा प्रश्न सरकारला पडला तसाच दादांनाही पडला असेल!

आमचे घर गौळीगुड्याच्या बाजूस एका बोळात आहे. वडिलांनी पै पै साठवून घेतलेले, दगडविटांचे, चुन्यात बांधलेले. खाली तीन खोल्या, वर माडीवर एक खोली आणि गच्ची. जाऊन पाहतो तो दारात वाळूचा ढीग, ओसरीवर सागवानी तुळया उतरवून ठेवलेल्या, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून गवंड्यांवर देखरेख करीत बसलेली. वय चौऱ्याऐंशी, परंतु विटा मोजून घेतल्याशिवाय गाडीवाल्याला सोडावयाची नाही. आम्ही वाकून नमस्कार केला. "आलास? त्या मिस्त्रीला सांग, वरच्या खोलीची खिडकी पूर्वेला मोठी कर म्हणावं. पोराला उजेड लागतो अभ्यासाला," एवढे बोलून ती पुन्हा विटांकडे वळली. 'पोर' म्हणजे दादांचा मुलगा. तो शिकावयास कॅनडात गेला, त्याला आता आठ वर्षे झाली.

मिस्त्री वयोवृद्ध व जाणता होता. भिंतीचा गिलावा त्याने खरवडून काढला होता, आणि आतल्या विटा लोणा लागून भुसभुशीत झालेल्या दिसत होत्या. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, "फादरसाब, भिंत चुन्याची, आणि वीस वर्षांमागे कुणी तरी वरून सिमेंट फासलंय. चुन्याची भिंत श्वास घेते. ओल आली तरी वाऱ्यानं सुकून जाते. सिमेंटनं तिचा दम कोंडला. बाहेरून गुळगुळीत, आतून सडली." आता तो पुन्हा चुन्याचाच गिलावा करणार होता. कळीचा चुना पाण्यात भिजवून कित्येक दिवस मुरत ठेवला होता. त्यात वाळू, गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालून तो मळावयाचा. काम सावकाश चालते, पण टिकते.

रात्री जेवण झाल्यावर दादा आम्हांस गच्चीवर घेऊन गेले. बराच वेळ ते नोकरीविषयीच बोलत राहिले. तेलंगण सरकारने २०२१ साली निवृत्तीचे वय ५८ वरून ६१ केले, त्यामुळे त्यांना तीन वर्षे अधिक मिळाली. त्या तीन वर्षांची शिल्लक आणि निवृत्तीनंतर हाती येणारी रक्कम, बहुतेक सारी घरात घालण्याचे त्यांनी योजिले होते. आम्ही म्हटले, "दादा, सगळे विटांत पुरू नका. तुम्हां दोघांच्या औषधपाण्याला काही राखून ठेवा." ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मुलाने तिकडे घर घेतले. कर्ज काढून. नागरिकत्वही मिळाले. आता तो परत यावयाचा नाही. चार महिने झाले मला सांगून."

"आईला?"

"नाही सांगितले. ती माडीवरची खोली त्याच्यासाठीच करते आहे. रोज मिस्त्रीला सूचना देते. मी कोणत्या तोंडाने सांगू? तू धर्मगुरू आहेस. तू सांग."

त्या अंधारात दादांचा चेहरा आम्हांस दिसत नव्हता. पण ज्यांनी वडिलांच्या पश्चात आमचे शिक्षण केले, सेमिनरीच्या दारापर्यंत आमची पेटी स्वतःच्या खांद्यावरून आणली, ते दादा आज आमच्याकडे एवढेसे साह्य मागत होते. आणि खरे सांगावयाचे तर, वाचकहो, आम्हांलाही धीर झाला नाही. परक्यांच्या घरी मृत्यूची वार्ता घेऊन आम्ही कितीदा गेलो आहोत. स्वतःच्या आईपुढे मात्र जीभ टाळूला चिकटली. दुसरा दिवस आम्ही तसाच जाऊ दिला.

संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरीची माळ म्हटली. रविवारी आई गनफाउंड्रीच्या संत जोसेफ कॅथेड्रलमध्ये तेलुगू मिस्सा ऐकते. घरची प्रार्थना मात्र मराठीतच. माळ संपली. आईने ती डबीत ठेवली आणि दादांकडे पाहून शांतपणे विचारले, "तो येणार नाही ना आता?"

कोणी बोलेना. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"मला कळत नाही होय? पहिल्यांदा फोनवर म्हणायचा, 'आजी, रूमवर चाललो.' दोन वर्षं झाली, आता म्हणतो, 'घरी चाललो.' ज्याला तो घर म्हणतो तिथं त्याचं घर. देवानं त्याला तिथं सुखी ठेवावं. पण तुम्ही सगळे माझ्यापुढं गप्प का बसता? मला वाटलं, तुम्हांलाच ठाऊक नाही. म्हणून मी खिडक्यांचं बोलत राहिले."

म्हणजे दादा आईसाठी गप्प होते आणि आई दादांसाठी! एकाच छपराखाली दोघे तीच ओल पोटात घेऊन वावरत होते, आणि वरून सारे गुळगुळीत होते. मिस्त्रीचे सकाळचे शब्द आम्हांस तेव्हा आठवले. परंतु आम्ही ते बोललो नाही. आईला उपदेशाची गरज नव्हती.

दादांनी विचारले, "मग ती खोली आता राहू द्यायची का? पैसे वाचतील."

"राहू का द्यायची?" आई म्हणाली. "तुझी आजी या दवाखान्यात पडली होती, तेव्हा मी नवी नवरी होते. आपलं घर तेव्हा लांब होतं. चार रात्री दवाखान्याच्या ओसरीत काढल्या. समोरच्या एका अत्तरवाल्याच्या बायकोनं मला आंघोळीला पाणी दिलं आणि ताटभर भात वाढला. तिची भाषा मला नीट येत नव्हती. आजही नांदेडची, परभणीची माणसं रोगी घेऊन येतात आणि फुटपाथवर निजतात. बाईमाणसाला रात्री जायला जागा नसते. त्यांच्यातली एखादी येऊन राहील वर. दवाखाना गोशामहलला गेला तरी तो काही दूर नाही."

सर्वजण स्तब्ध राहिलो. प्रथम वहिनी बोलल्या, "आणि चादरी कोण धुणार, आई?" प्रश्न रास्त होता, कारण परोपकाराचे ओझे बहुधा घरातील ज्या बाईने ठरविलेले नसते तिच्याच डोक्यावर येते. यावर दादा सावकाश म्हणाले, "मी धुईन. एप्रिलपासून मला दुसरे काम काय?" आणि लगेच, "पण मग वर वेगळी न्हाणी हवी. उद्या मिस्त्रीला सांगावयास हवे." वहिनी एवढेच म्हणाल्या, "आधी एक महिना पाहू, मग ठरवू." ठराव असा अर्धामुर्धाच झाला. त्याच रात्री दादांनी मुलाला फोन लावला आणि तो आईच्या हाती दिला. आईने प्रथम नव्या घरात पवित्र कुटुंबाची तसबीर लावली की नाही ते विचारले, आणि मग थंडीत कानटोपी घालण्याविषयी पुष्कळ सांगितले. ती रडली, परंतु ते रडणे उघड्या भिंतीवरून वारा जावा तसे होते.

परतीच्या दिवशी दादा आम्हांस नयापुलापर्यंत पायी घेऊन आले. खाली मुसी संथ व मलिन वाहत होती. २०२५ च्या सप्टेंबरात हीच नदी चढून महात्मा गांधी बसस्थानकात शिरली होती, प्रवासी अडकून पडले होते. धरणे बांधली तरी नदी आपली जागा विसरत नाही. पुरात टिकणाऱ्या आणि कोसळणाऱ्या घरांचा प्रभू येशूने सांगितलेला दाखला आम्ही व्यासपीठावरून अनेकदा समजावून दिला आहे. मुसीच्या काठी उभे असता वाटले, घराचा पाया दगडाचा असला म्हणजे भागत नाही. घरातील माणसे एकमेकांस खरी वार्ता सांगतात की नाही, हाही पायाचाच भाग आहे. निवृत्तीला आलेले कितीतरी गृहस्थ आम्ही पाहतो. ते घर रंगवितात, फरशी बदलतात, आणि मुलांविषयीची, पैशांविषयीची, आजाराविषयीची बातमी मात्र कोणाला दुखवू नये म्हणून मनात कोंडून ठेवतात. हेतू चांगला असतो. पण भिंत आतून पोखरत जाते.

पुलावर दादा म्हणाले, "साठ वर्षे मी समजत होतो, घर आपल्या माणसांसाठी असते." पुढे ते काही बोलले नाहीत. गाडीची वेळ झाली होती. आम्ही रिक्षा केली.

मागील आठवड्यात त्यांचा पुन्हा निरोप आला, तसाच तारेसारखा : "गिलावा झाला. न्हाणीला नळ आला. खिडकी पूर्वेलाच केली." वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी एखादी वार्ता अडून राहिली असेल, त्यांनी ती आज संध्याकाळी माळ संपल्यावर सांगून टाकावी, एवढीच आमची विनंती.