ताईची पीएच.डी. आणि माझा निबंध

माझी ताई पुण्यात पीएच.डी. करते. पाहुण्यांनी विषय विचारला की आई सांगते, "कॉम्प्युटरमधलंच काहीतरी आहे." बाबा सांगतात, "माणसानं लिहिलंय की मशीननं, ते ओळखायचं." बाबांचं उत्तर जास्त बरोबर आहे.

हिवाळी सुट्टीत मी साताऱ्याला घरी गेलो, तेव्हा ताईने माझी जुनी पत्रं मागितली. २०१९ मध्ये सहावीत इथे आल्यापासून मी दर रविवारी घरी पत्र लिहितो. आईने ती सगळी ट्रंकेत जपून ठेवली आहेत. मधलं एक वर्ष तेवढं नाही, कारण कोरोनात आम्ही सगळे घरीच होतो. ताईला ती पत्रं का हवी होती? तर नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. त्यानंतरचं लेखन कोणाचं, याची खात्री देता येत नाही. त्याआधीचं मात्र माणसाचंच धरता येतं. "आणि प्रत्येक पत्रात तीनदा 'मी बरा आहे' कोण लिहील तुझ्याशिवाय?" असंही ती म्हणाली.

मग तिने मला एक जुनी गोष्ट सांगितली. १७८७-८८ मध्ये अमेरिकेत नव्या राज्यघटनेच्या बाजूने ८५ लेख एकाच टोपणनावाने छापून आले. त्यातले बारा हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीडशे वर्षांहून जास्त चालला. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्यातले मोठे विचार बाजूला ठेवले आणि बारीकसारीक शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन सतत वापरायचा, मॅडिसन क्वचितच. बाराही लेख मॅडिसनच्या पारड्यात गेले. आपण ज्या शब्दांकडे लक्षच देत नाही, ते आपली ओळख देतात. माझा शब्द 'बाकी' निघाला. बाकी सर्व ठीक, बाकी मेसमध्ये आज राजमा होता, बाकी काय.

मशीन ओळखणारी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा वेगळीच गोष्ट बघतात: पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. सहज ओळखता आला तर मशीनचा संशय. यात खोच अशी की नवी भाषा शिकणारा माणूसही ठरावीक, सोपे शब्दच वापरतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त वेळा ते मशीनचे ठरले. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं साधन काढलं. त्यांच्याच चाचणीत मशीनच्या शंभर मजकुरांपैकी फक्त २६ त्याला सापडले, आणि माणसाच्या शंभरातले नऊ त्याने मशीनचे ठरवले. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं.

हे सगळं मी रस घेऊन ऐकलं. आणि सुट्टीच्या शेवटच्या रात्री बाबांचा फोन घेऊन आंतर-हाउस स्पर्धेचा इंग्रजी निबंध मशीनकडून लिहून घेतला. विषय होता 'शिस्त'. चार-पाच शब्द बदलले, मुद्दाम दोन स्पेलिंग चुकवली आणि पाठवून दिला.

शाळेत परतल्यावर सगळे निबंध सॉफ्टवेअरमधून काढले गेले. माझा आला चार टक्के. माझ्या शेजारच्या बेडवरचा मित्र बिहारमधल्या एका खेड्यातून आलाय. त्याचा आला ८८ टक्के. त्याची वाक्यं व्याकरणाच्या पुस्तकातून उचलल्यासारखी सरळ असतात, कारण इंग्रजी तो तिथूनच शिकलाय. त्याचा निबंध स्पर्धेतून काढला गेला. "मैंने ख़ुद लिखा है, सर," एवढंच तो म्हणाला. त्या रात्री तो बराच वेळ बूट पॉलिश करत बसला. ते आधीच चकाकत होते.

मला दोन गोष्टी माहीत होत्या. तो आकडा कसा आला ही एक, आणि खोटा निबंध कोणाचा ही दुसरी. दुसरी न सांगता पहिली सांगता येईल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन मी स्टॅनफर्डचं सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, एक-दोन गोष्टी लिहून घेतल्या आणि विचारलं, "तुझा किती आला होता?"

"चार टक्के, सर."

"शाबास," सर म्हणाले.

परेडवर कितीतरी वेळा ओरडा खाल्लाय. पण त्या 'शाबास'इतकं काही लागलं नव्हतं.

रविवारी घरी फोन केला तेव्हा ताईला मित्राची हकीकत सांगितली. ती लगेच म्हणाली, "अरे, त्याची रफ वही असेल ना? तयार मजकुरावरून आकडा काढण्यापेक्षा खाडाखोड बघा म्हणावं. माझ्या प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण त्यावर आहे." मग जरा थांबून तिने विचारलं, "आणि तुझी रफ वही?"

मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. मागे फोनसाठी रांग होती, म्हणून मी फोन ठेवला.

सोमवारी प्रेपच्या आधी मी मित्राची रफ वही घेऊन सरांकडे गेलो. आठ पानं, तीन वेळा बदललेली सुरुवात, समासात हिंदी शब्द आणि त्यांचे डिक्शनरीत शोधलेले इंग्रजी अर्थ. सरांनी प्रत्येक पान उलटलं. मग मी सांगितलं की माझी अशी वही नाही, कारण निबंध माझा नाही.

माझा निबंध रद्द झाला. हाउसचे गुण गेले, आणि हाउस कॅप्टनने ते मला विसरू दिलं नाही. दोन आठवडे एक्स्ट्रा ड्रिल. मित्राचा निबंध स्पर्धेत परत घेतला गेला. सरांनी असेंब्लीत सर्वांसमोर त्याला "सॉरी" म्हटलं. हे मी इथे पहिल्यांदाच पाहिलं. त्याला बक्षीस मात्र मिळालं नाही. आता आमच्याकडे प्रत्येक निबंधासोबत रफ वही द्यावी लागते. ज्युनिअर्स त्याबद्दल मला फारसे दुवा देत नाहीत.

मित्र आठ-दहा दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एका रात्री लाइट्स आउटनंतर अंधारातून त्याचा आवाज आला, "तेरा चार परसेंट कैसे आया, यार?"

"स्पेलिंग गलत किए थे."

"कौन से?"

मी सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वो तो मुझे आते हैं," आणि कूस बदलून झोपला.

हा लेख दिला तेव्हा मराठीच्या मॅडमनी काही विचारलं नाही. रफ वही मीच सोबत जोडली आहे. त्यात 'बाकी' अकरा वेळा आहे. मॅडमनी त्यातले बरेचसे काढले असणार.