दिवाळीच्या सुट्टीत पाण्याच्या वाटेने

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न असतो: मुलांना घेऊन जायचे कुठे? मॉलमध्ये खिसा रिकामा होतो आणि मुले दुसऱ्याच दिवशी पुन्हा कंटाळतात. त्यापेक्षा एक दिवस छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, द्यावा. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात. दादी-नानींनाही सोबत घ्यावे.

सकाळी पाणचक्की पाहावी. ही हजरत बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. काही किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येथे आणले गेले. ते उंच भिंतीवरून हौदात पडते. याच पाण्याच्या जोरावर चक्की फिरे आणि खानकाहमधील फकीर व मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई.

"पंप नाही, वीज नाही, मग पाणी भिंतीवर चढले कसे?" हे मुलांना विचारावे, पण उत्तर लगेच सांगू नये. घरी पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन्ही टोके वर धरायला लावावीत. एक टोक उंच उचलले की दुसऱ्या टोकातून पाणी बाहेर येते. उगम उंचावर असेल तर पाणी खाली उतरून पुन्हा वर चढते, हे मुले स्वतःच सांगतील.

जोहरची नमाज आणि घरचा डबा आटोपून खुलताबादला जावे. अंतर साधारण 25 किलोमीटर. तेथे मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. तेच आजचे हे शहर. शहराला पाणी मिळावे म्हणून त्याने नहर-ए-अंबरी बांधली. 1626 मध्ये त्याचा इंतकाल झाला.

आपल्या मुलांच्या कानावर इतिहास पडतो तो बहुधा लढायांचा आणि वादांचा. परक्या वाटसरूच्या भाकरीची आणि अख्ख्या शहराच्या तहानेची काळजी करणारी माणसेही आपल्याच मातीत होऊन गेली, हे त्यांना कोणी दाखवायचे? पालकांनीच. आज याच शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि जुन्या नहरी जागोजागी फुटल्या, बुजल्या आहेत. मुलांना हेही दाखवावे.

घरी आल्यावर एक खेळ घ्यावा. नळ सोडून वुजू करताना खाली बादली ठेवावी, मग लोट्याने वुजू करून दोन्हींचे पाणी मोजावे. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मुलांना तोंडाने सांगतोच. या सुट्टीत त्यांनी ती मापाने शिकावी.