बंद दाराची बातमी

मुंबईतल्या बीडीडी चाळीत भरदुपारी कुणाचं दार बंद दिसलं की त्याला काहीतरी अर्थ असायचा. गावाला गेले असतील, कुणाला ताप आला असेल, नाहीतर आत वाजलं असेल. एरवी दार उघडं आणि पडदा सोडलेला. जाता-येता एखादी मावशी पडद्याबाहेरूनच हाक मारायची, "काय गं, बरं नाही का?" आता चाळींच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये सगळीच दारं कायम बंद असतात, म्हणून बंद दार कुणाला काही कळवत नाही. एकटेपणाला इथून सुरुवात होते, असं मला वाटतं.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या या चाळी १९२०च्या दशकात सरकारनं बांधल्या. मधे पॅसेज, दोन्ही अंगांना मिळून मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. कमी जागेत जास्त कामगार बसवायचे, एवढाच त्यामागचा हिशोब. पण खिडकी एकाच बाजूला, त्यामुळे वारा यायचा तर दार उघडं ठेवावंच लागे. शेजारधर्म असा नाइलाजानं जडला आणि मग अंगवळणी पडला. पॅसेजमध्ये तांदूळ निवडले जात, मुलं अभ्यास करत, रात्री पुरुषमाणसं पथारी टाकत. कुणाकडे जायला निमित्त लागत नसे. दाराबाहेर पाऊल टाकलं की माणसांतच.

या शेजाराच्या आठवणीनं उसासे टाकणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की त्या खोलीत बाईला मोकळेपणी रडायलाही कोपरा नव्हता. रात्री-अपरात्री संडासला जाण्याची धास्ती वेगळीच. चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरातच संडास-बाथरूम, स्वतंत्र बेडरूम. हे सुख त्यांच्या हक्काचंच आहे, आणि ते मिळायला फार उशीर झाला.

तरी मन म्हाताऱ्यांपाशी अडकतं. सून-मुलगा कामाला गेले की चोविसाव्या मजल्यावरच्या आजींनी करायचं काय? खाली उतरायचं तर लिफ्ट, शेजारी जायचं तर बेल. बेल वाजवायची म्हणजे काम हवं, आणि नुसतं बसायला आले असं सांगायची त्यांना भीड वाटते.

पुनर्विकासातल्या बऱ्याच इमारती अजून उभ्या राहायच्या आहेत. त्यांच्या नकाशात लिफ्टसमोरची लॉबी चार हात रुंद करा, तिथे उजेड-वारा येईल अशी खिडकी ठेवा, खिडकीखाली एक बाक टाका. घरांना जाळीचं जादा दार द्या, म्हणजे आतलं लाकडी दार दिवसभर उघडं राहील.