पेरूची फांदी, पोपटाची दांडी

पिंजऱ्यासोबत दोन-तीन दांड्या आयत्याच मिळतात: प्लास्टिकच्या किंवा रंधा मारलेल्या लाकडाच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीच्या. दिसायला सुबक, पण पोपटाच्या पायाला वाईट. पोपट झोपतोसुद्धा उभ्याने, म्हणजे पायांना सुट्टी अशी नाहीच. दोन बोटे पुढे आणि दोन मागे, अशी त्याची पकड असते. एकसारख्या दांडीवर या पकडीचा भार तळव्याच्या त्याच त्या जागांवर पडत राहतो. तिथली बारीक खवल्यांची नक्षी पुसट होते, कातडी लालसर आणि चकचकीत दिसू लागते, पुढे जखम होऊन जंतू शिरतात. हाच बंबलफूट. वजनदार आणि केवळ बियांवर पोसलेल्या पक्ष्यांत तो जास्त आढळतो. झाडाच्या फांदीला मात्र गाठी असतात, बाक असतो, ती एका बाजूला निमुळती होत जाते. पक्षी दोन पावले सरकला तरी पकड बदलते. म्हणून फांदी निवडताना सरळपणा हा दोषच मानावा.

देशी राघू आणि करण यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ते घरात ठेवता येत नाहीत. त्यामुळे इथे पाळीव पोपट म्हणजे बजी, कॉकाटील, लव्हबर्ड, कोन्युअर, क्वचित आफ्रिकन ग्रे किंवा मकाव. जाडी पक्ष्यागणिक ठरते. बोटांनी फांदीचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश घेर वेढावा. पुढची आणि मागची नखे एकमेकांना भिडत असतील तर फांदी बारीक आहे. बजीला एक ते दोन सेंटिमीटर, कॉकाटीलला दीड ते अडीच, मकावला चार-पाच किंवा त्याहून अधिक, असा ढोबळ हिशोब चालतो. एकाच पिंजऱ्यात यातल्या वेगवेगळ्या जाड्या असाव्यात.

महाराष्ट्रात या कामाला पेरूसारखे झाड नाही. लाकूड चिवट, बेचकी भरपूर, साल पातळ आणि पक्ष्याला सोलायला आवडणारी. चिंचही टणक आणि टिकाऊ. जास्वंद आणि बॉटलब्रश लहान पक्ष्यांना चालतात. शेवगा सुरक्षित असला तरी ठिसूळ. बसायला नको, कुरतडायला द्यावा. कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई, एरंड, घाणेरी, बिब्बा आणि काजू यांना हात लावू नये. वाळलेल्या, पाने झडलेल्या काटकीवरून झाड ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून फांदी पानांसकट झाडावर पाहूनच घ्यावी. नाव सांगता येत नसेल तर ती सोडून द्यावी.

झाड ओळखीचे असले तरी त्यावर काय फवारले आहे, हा प्रश्न उरतोच. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या छाटणीनंतर वेलीच्या सुरेख वळणदार काड्यांचे ढीग फुकट मिळतात, आणि मोह पडतो. पण त्या वेलींनी मोरचुदाचे बोर्डो मिश्रण आणि इतर कितीतरी औषधे झेललेली असतात. त्यापेक्षा परसातला, कधी फवारा न पाहिलेला पेरू बरा. रहदारीच्या रस्त्यालगतची फांदी काजळी धरते. शहरात झाड छाटायला पालिकेची परवानगी लागते. सोसायटीतली पावसाळ्यापूर्वीची रीतसर छाटणी ही फांद्या मिळवायची सोयीची वेळ.

आणलेली फांदी आधी नीट न्याहाळावी. बारीक भोके आणि त्यातून झडणारे पीठ दिसले की आत भुंगेरा आहे, ती टाकावी. बुरशीचा काळा-पांढरा थर असेल तरीही टाकावी. उरलेली ताठ ब्रशने पाण्याखाली घासावी, तुकडे लहान असतील तर उकळत्या पाण्यात बुडवावी, आणि कडक उन्हात आठवडाभर वाळवावी. ओव्हन असल्यास सुमारे १०० अंश सेल्सिअसवर तासभर, समोर उभे राहून. तिथे नॉनस्टिक ट्रे वापरू नये. तो जास्त तापला तर त्याचा धूर घरातल्या पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. पावसाळ्यात ऊन नसते आणि लाकूड आतून ओले राहून बुरशी धरते, म्हणून वर्षभराच्या फांद्या एप्रिल-मेमध्येच तयार करून ठेवाव्यात. साल ठेवावी, सुटलेली तेवढी काढावी. व्हार्निश, रंग, पॉलिश काही नको. करवतीने कापलेली टोके आणि कुसळे पॉलिश पेपरने मोडली की पुरे. दांडीवर पॉलिश पेपर गुंडाळण्याची जी पद्धत आहे, ती नखे घासण्याऐवजी तळवे सोलते.

बसवण्यासाठी फांदीच्या टोकात गिरमिटाने भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, मोठा वायसर आणि हाताने पिळता येणारा नट वापरावा. जस्ताचा मुलामा असलेले सामान स्वस्त असते, पण पोपट तो चाटतो, कुरतडतो, आणि जस्त त्याला विषारी आहे. झोपायची दांडी सर्वांत वर आणि पाठीमागे. बाकीच्या वेगवेगळ्या उंचीवर. खाण्या-पिण्याच्या भांड्यांवर एकही नको, नाहीतर विष्ठा त्यातच पडते. शेपूट जाळीला घासणार नाही एवढे अंतर ठेवावे.

आठवड्याला एकदा दांडी घासून धुवावी. साल संपून लाकूड मऊ पडले, चीर गेली किंवा बोल्ट हलू लागला की ती बदलायची वेळ झाली. बजीची पेरूची दांडी बरीच टिकते; मकावची चार दिवसांतही संपते. ती त्याने कुरतडली, म्हणून त्याला रागवण्यात अर्थ नाही. पुढची फांदी वाळवलेली तयार असावी.