वहिनीच्या कमरेची किल्ली

२०१८च्या पावसाळ्यात माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत एकच विचार घोळायचा: आपला घराला भार झालाय. शाळेत फळ्यासमोर उभा राहिलो की शब्द सुचत नसत. घरच्यांनी देवधर्म केला, उतारे टाकले. माझ्या ताटात रोज उरणारं अन्न वहिनी मात्र मुकाट्याने बघत होती. एक दिवस म्हणाली, "भाऊजी, उद्या माझ्यासोबत यवतमाळला चला."

डॉक्टरांनी तपासलं, थायरॉइडची तपासणी लिहून दिली आणि सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का? स्वतःला संपवायचा विचार येतो का?"

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी आपली समजूत. मला तर छातीवरचा धोंडा हलल्यासारखं झालं. 'हो' म्हणालो आणि वहिनीसमोरच ढसाढसा रडलो.

दादाला पोलिसांची धास्ती. डॉक्टरांनी समजावलं, मनात विचार येणं हा गुन्हाच नाही. आणि कुणी प्रयत्न केला, तरी तो तीव्र ताणाखाली होता असंच २०१७चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो. त्याला उपचार मिळावेत, असं सांगतो.

डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. कधी अंगात आधी बळ येतं आणि मनावरचं मळभ मागाहून हटतं, म्हणून हे दिवस जोखमीचे. "यांना एकटं सोडू नका. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा," डॉक्टर म्हणाले.

वहिनीने गोळ्या कपाटात ठेवल्या, शेतीची औषधं घरातून हलवली आणि किल्ली कमरेला खोचली. रोज रात्री ती माझ्या तळहातावर एक गोळी ठेवी. पहाटे तीनला माझ्या खोलीत दिवा लागला की चहा टाकून समोर येऊन बसे. काही समजावत नसे, नुसती बसे.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी फोडणीचा वास आला आणि मला भूक लागली.

बरं वाटल्यावरही डॉक्टरांनी नऊ महिने गोळ्या चालू ठेवल्या, मग हळूहळू कमी केल्या. त्यांच्या औषधाने मी बरा झालो. पण औषध लागू पडेपर्यंतचे ते चार आठवडे मला वहिनीने दिले.

आता कुणी गप्प गप्प दिसलं की मी तोच प्रश्न तसाच सरळ विचारतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून देतो, दवाखान्यात सोबत जातो. आणि घरच्यांना विचारतो, "किल्ली कोणाकडे राहील?"